कांजी काढणारे जीवाणू

आम्ही मीरा-भाईंदरचे कापडवाले भिवंडीच्या मागावरचा कोरा सुती माल रंगवून घेतो. कधी अख्खा लॉट डागाळलेला येतो आणि नुकसान आपल्याच गळ्यात पडते. दोष नेहमी रंगाचा नसतो. विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून कांजी लावतात. ती पुरी निघाली नाही तर रंग सारखा बसत नाही. तेजाबाने ती निघते, पण प्रमाण चुकले की सूतही कमजोर होते.

दुसरा मार्ग जीवाणूंचा. ‘बॅसिलस सबटिलिस’ आंबवणीत अमायलेज नावाचे विकर बनवतो. ते कांजीतला स्टार्च तोडते, सुताला धक्का लावत नाही. बॉइडिन आणि एफ्राँ यांनी १९१७ साली याचे पेटंट मिळवले. पुढे जीवाणूंचे चांगले वाण निवडून आणि टाकीतली हवा, उष्णता, आम्लता सांभाळून उत्पादन वाढवण्यात आले. ‘बॅसिलस लायकेनिफॉर्मिस’चे विकर तर ९० अंश सेल्सिअसलाही काम करते.

व्यापारी बंधूंनो, रंगवण्याआधी धुतलेल्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा डाग उठला तर स्टार्च शिल्लक आहे. मात्र पीव्हीएसारख्या रासायनिक कांजीवर हे विकर चालत नाही. म्हणून सूताला कोणती कांजी लावली, हे आधी विचारा. मगच माल रंगायला द्या.