वाईट विचाराचे काय करावे?

‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला आज शाळेत, कचेरीत, लग्नसमारंभात, कोठेही फुकट मिळतो. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे या विषयावरील गाजलेले इंग्रजी पुस्तक १९५२ साली निघाले आणि पुढे या विषयाची जणू बाजारपेठच उभी राहिली. सल्ला वाईट नाही. पण बारावीत नापास होऊन घराच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाला तो दिला की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की करायचे म्हणजे नेमके काय करायचे? ‘माझ्यात काही नाही’ हा विचार त्याने बोलावून आणलेला नसतो. तो आपोआप येतो आणि हाकलला तरी जात नाही.

भगवान बुद्धांनी या प्रश्नाचे उत्तर अगदी कामाच्या भाषेत दिलेले आहे. मज्झिम निकायातील एकोणिसावे द्वेधावितक्क सुत्त आणि विसावे वितक्कसण्ठान सुत्त ही दोन्ही श्रावस्तीच्या जेतवनात सांगितलेली सुत्ते याच विषयावर आहेत. आपल्याकडे वंदना नेमाने होते, परंतु ही सुत्ते विद्यार्थ्यांना वाचून दाखवावीत असे फारसे कोणाला सुचत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

विसाव्या सुत्तात अकुशल विचार दूर करण्याचे पाच उपाय आहेत. पहिला उपाय सुताराचा. लाकडात रुतलेली जाड खुंटी सुतार बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो, तसे एका विचाराच्या जागी दुसरा कुशल विचार आणावयाचा. येथे ‘बारीक’ हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. नापास झालेल्या मुलाने ‘मी राज्यात पहिला येणार’ असा विचार आणला तर तो बसणार नाही, कारण त्याचे त्यालाच ते खरे वाटत नाही. ‘माझे गुण गणितात गेले, त्यातही कलनाच्या प्रश्नांत गेले, आज त्यातली दोन उदाहरणे सोडवतो’ हा विचार लहान आहे, पण खरा आहे. तो बसतो.

एवढ्याने भागले नाही तर त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावेत. नटण्याची आवड असलेल्या तरुणाच्या गळ्यात कोणी मेलेला साप अडकवला तर त्याला जशी किळस येईल, तशी त्या विचाराची यावी. तिसरा उपाय म्हणजे नको ते दिसले की डोळे मिटावेत तसे तिकडे लक्षच न देणे. घरातील पाणी भरण्याच्या कामानेही हे साधते.

चौथा उपाय मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. एक मनुष्य भरभर चालला आहे. त्याच्या मनात येते, मी इतक्या घाईने का चाललो आहे? तो हळू चालू लागतो. मग चालतो तरी कशाला म्हणून उभा राहतो, उभा असतो तो बसतो, बसलेला आडवा होतो. विचाराचेही असेच मूळ शोधत जावे. ‘माझ्यात काही नाही’ हे कोठून आले? काल एका नातेवाइकाने सर्वांदेखत गुण विचारले तेथून. ते इतके का लागले? रात्रभर झोप नव्हती म्हणून. असे एकेक पायरी उतरत गेले की विचाराचा जोर ओसरतो.

दातावर दात आवळून मनानेच मनाला दाबणे हा उपाय बुद्धांनी सर्वांत शेवटी ठेवला आहे. हे लक्षात घ्यावे, कारण आपण नेमकी तेथूनच सुरुवात करतो. बोधिसत्त्व असताना त्यांनी स्वतः कठोर तप म्हणून हा प्रयोग केला होता. अंगाला घाम फुटला, शरीर थकले, पण त्यातून बोधी मिळाली नाही, असे मज्झिम निकायातच महासच्चक सुत्तात आले आहे. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली.

चांगला विचार करणे म्हणजे अन्याय गोड मानून घेणे, असा अर्थ कोणी काढू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ‘हे पाणी आपले नव्हे’ ही पिढ्यान्पिढ्या रुतलेली खुंटी निघाली. पण मन बदलले म्हणून काम संपले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. मधली दहा वर्षे कज्जा चालवावा लागला. ज्या मुलाला वर्गात जातीवरून टोमणे ऐकावे लागतात त्याला नुसते ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणे हा धम्म नव्हे. त्याच्याबरोबर मुख्याध्यापकांकडे जावे लागते. तसेच ज्याची झोप व भूक गेली आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. शासनाची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे.

एकोणिसाव्या सुत्तात बुद्ध आपला स्वतःचा अनुभव सांगतात. बोधीपूर्वी त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले होते. एका बाजूला कामवासना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार, तर दुसऱ्या बाजूला त्यांच्या उलट विचार. मन ज्याचा वारंवार विचार करते तिकडेच ते कलते, हे त्यांनी पाहिले. पावसाळ्याच्या अखेरीस शेते पिकाने भरलेली असतात, तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरे सतत आवरावी लागतात. पीक घरात आल्यावर तो झाडाखाली बसतो. गुरे तेथे आहेत एवढे भान त्याला पुरते. विद्यार्थ्यांनी महिनाभर वहीत असे दोन रकाने करून पाहावेत. आपली काठी कोठे जास्त लागते ते कळेल.

याच सुत्तातील आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चांगले विचारही रात्रंदिवस करीत राहिले तर शरीर थकते आणि थकल्याने मन अस्थिर होते, असे बुद्धांना आढळले, म्हणून त्यांनी ते विचारही थांबवून मन शांत केले. परीक्षेच्या आदल्या रात्री वही मिटावी, दिवा मालवावा आणि वेळेवर झोपावे.