आतड्याचं वय काचेवर

ऊतीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमला लावला की हात एका लयीत फिरवावा लागतो. पात्यावरून पाच मायक्रॉन जाडीची पट्टी सुटते. ती ब्रशने उचलायची, कोमट पाण्यावर सोडायची आणि सुरकुत्या गेल्या की काचेवर घ्यायची. मग झायलीनने मेण काढून हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचं. केंद्रकं निळसर जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी.

आमच्या लॅबमध्ये पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांची आतडी अशी तपासतात. काचेवर फक्त क्रमांक असतो. कुठल्या पिल्लाला काय पाजलं हे मोजणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याला हवं तेच दिसू लागतं.

अंगावर पिणारं पिल्लू मात्र लगेच ओळखू येतं. त्याच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेशींमध्ये मोठ्या पोकळ्या असतात. गिळलेल्या दुधातली प्रथिनं तिथे, पेशीच्या आतच पचतात. या वयात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज भरपूर असतं आणि खायची साखर फोडणारं सुक्रेज जवळपास नसतं. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लू दाणे कुरतडू लागतं, त्या सुमारास पोकळ्या नाहीशा होतात, लॅक्टेज उतरतं, सुक्रेज चढतं.

हा बदल अलीकडे ओढता येतो. 1988 मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथल्या संशोधकांनी दूधपित्या पिल्लांना स्पर्मिन पाजलं, तेव्हा त्यांची आतडी वेळेआधीच प्रौढ वळणावर गेली. स्पर्मिन, स्पर्मिडिन आणि पुट्रेसिन ही पॉलिअमाइन्स. हे धनभारित लहान रेणू डीएनए आणि आरएनएला चिकटतात. वाढणारी प्रत्येक पेशी ते स्वतः तयार करते, शिवाय ते दुधातूनही येतात. आईच्या दुधात स्पर्मिन आणि स्पर्मिडिन सहसा डब्याच्या दुधापेक्षा जास्त असतं.

इथून बाळाच्या बाटलीत स्पर्मिन घालण्याचा विचार सुचतो. पण दोन गोष्टी आड येतात. पिल्लाला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं तरी सुक्रेज लवकर येतं. म्हणजे या बदलाची किल्ली एकट्या स्पर्मिनकडे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्ण दिवसांच्या मानवी बाळात सुक्रेज जन्मतःच असतं. उंदराचं पिल्लू जो टप्पा तिसऱ्या आठवड्यात गाठतं, त्यातला बराचसा बाळाने गर्भातच ओलांडलेला असतो. त्यामुळे पॉलिअमाइन्सचा एखादा पदार्थ बाळासाठी विकायचा असेल, तर पुरावा बाळांवरचाच हवा. पिल्लाची स्लाइड त्याला पुरत नाही.