घसादुखी, स्ट्रेप्टोकोकस आणि हृदयाच्या झडपा

घसा तीन दिवसांत बरा झाला, मग दहा दिवसांच्या गोळ्या कशासाठी, असा प्रश्न मुलांचे पालक आम्हांस नेहमी विचारतात. देणगीदार व विश्वस्त यांनाही उत्तर ठाऊक असावे, म्हणून हे टिपण.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. काही मुलांत मात्र 'स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस' हा जिवाणू कारणीभूत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. केवळ घसा पाहून फरक खात्रीने सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण. म्हणून प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घशातील स्राव घेऊन तो रक्तमिश्रित माध्यमावर वाढवितात. हा जिवाणू रक्तपेशी विरघळवितो, त्यामुळे एक-दोन दिवसांत त्याच्या वसाहतींभोवती पारदर्शक कडे उमटते. असे कडे त्याचे काही भाईबंदही उमटवितात. त्यांचे 'ए', 'बी' असे गट रिबेका लॅन्सफिल्ड यांनी १९३३ साली पाडले. आपला हा जिवाणू 'ए' गटातला. 'ए.एस.ओ.' ही रक्ततपासणी मात्र पूर्वी होऊन गेलेला संसर्गच दाखविते. तिचा आकडा वाढलेला पाहून घाबरणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

खरा धोका घशाला नाही. उपचार अपुरा राहिल्यास दोन-चार आठवड्यांनी काही मुलांना, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या, संधिवाताचा ताप येतो. जिवाणूशी लढणारी शरीराची संरक्षक यंत्रणा साधर्म्यामुळे स्वतःच्याच हृदयावर उलटते आणि झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केल्यास हे बहुधा टळते. या जिवाणूवर ते आजही गुणकारी आहे. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी येथे, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो याच औषधासाठी. तीन दिवसांत दुखणे थांबते. घशातले जिवाणू मात्र पूर्ण नष्ट व्हायला दहा दिवस लागतात.

एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. सोमेश्वरनगरच्या कारखान्यासाठी दरवर्षी येणाऱ्या ऊसतोडणी कुटुंबांची अडचण इथेच होते. कोपीत दाटीवाटीने राहिल्याने संसर्ग लवकर पसरतो, आणि हंगाम संपताच कुटुंब गावी परतते, इंजेक्शनची तारीख मागे राहते. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी झडपेच्या शस्त्रक्रियेपुढे या इंजेक्शनांचा खर्च किरकोळ आहे. तारखांचे कार्ड पालकांनी गावी जाताना सोबत न्यावे व तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच आठवड्यात दाखवावे.