छोटी गाडी, मागे होडी

शिडाची होडी म्हटली की आपल्याला श्रीमंतांचा थाट आठवतो. माझी धाकटी नणंद इंग्लंडात शाळेत शिकवते. ती छोट्याशा हॅचबॅकमागे ट्रेलर जोडून सोळा फुटी वेफेअरर होडी विंडरमिअर तलावावर नेते! सोबत फक्त लेक. गेल्या उन्हाळ्यात मीही गेले होते.

खरं सांगू? होडीपेक्षा मला तिची निघण्याआधीची तयारी जास्त आवडली. नुसती होडी १६९ किलोची. ट्रेलर, डोलकाठी, शिडं धरून तिचा भार ३०० किलो भरतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तिथल्या कायद्याने भार गाडीच्या निम्म्या वजनाहून जास्त चालत नाही, आणि ७५० किलोच्या वर तर नाहीच. काही छोट्या गाड्यांना कंपनी ओढायची परवानगीच देत नाही. ते गाडीच्या पुस्तकात आधी बघायचं.

कळीचा मुद्दा म्हणजे ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर किती भार टाकतं. एकूण वजनाच्या साधारण सात टक्के, म्हणजे तिच्या हिशेबाने २१ किलो. त्यासाठी बाई चक्क बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणतात! त्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर नाक. काटा कमी दाखवतोय? मग नांगर, पिशव्या पुढे सरकवायच्या. भार मागे राहिला तर वेगात ट्रेलर सापासारखा वळवळतो नि गाडीलाही हिसके देतो.

''मग ब्रेक मारायचा ना?'' मी विचारलं.

''छे हो वहिनी! ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. आणि साध्या रस्त्यावर ताशी पन्नास मैलांच्या वर जायचंच नाही, तसा कायदाच आहे.''

तलावावर पोचल्यावर डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या, अगदी पाण्यापर्यंतची सगळी वाट. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तारेला लागली तर संपलंच. तोवर भाची होडीची बुचं घट्ट आहेत ना, ते बघते.

उताराचा पाण्याजवळचा भाग शेवाळाने बुळबुळीत. तिच्या गाडीची ओढ पुढच्या चाकांत, त्यामुळे मागे भार घेऊन चढताना ती चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून ती गाडी खाली नेतच नाही. होडीखालची ढकलगाडी ट्रेलरवरून सुटी होते. ती लांब दोराने हळूहळू पाण्यात सोडायची. ट्रेलर कोरडाच राहतो. नाहीतर प्रवासाने तापलेली बेअरिंग गार पाण्यात बुडाली की पाणी आत ओढतात आणि गंजतात. एक गृहस्थ उत्साहाने ''गाडी आणखी मागे घ्या'' म्हणत आले, तर तिने हसून मान हलवली. (असे गृहस्थ सगळीकडे असतात!)

होडी वर काढताना गाडी माथ्यावर, कोरड्या जागी. दोर हुकाला, आणि मुंगीच्या पावलांनी पुढे. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत किंवा होडीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. एरवी शांत असलेली नणंद इथे मात्र लेकीवर खेकसते.

परतताना दहा मैलांवर थांबून तिने पुन्हा हुक, साखळी, दिवे पाहिले. एक पट्टा खरंच सैल झाला होता.