दम फुफ्फुसांचा, आधार पायांचा



आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत एखादी मावशी असतेच. एके काळी विहिरीवरून भरले हंडे आणायची. आता गटाच्या मीटिंगला यायचं तर वाटेत दोनदा टेकते. घरची माणसं मायेनं म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही करतो." मावशी बसते. आणि काही महिन्यांत तिला न्हाणीपर्यंत जाणंही जड होतं. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते आज बोलू या.

दम्यासारख्याच दिसणाऱ्या या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. यात श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे खराब होतात. घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून नवी हवा आत घ्यायला जागा उरत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार होतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही तो होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली हेच जगापुढे मांडलं. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांचा चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आता नीट ऐका. फुफ्फुसाचं झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. पण मावशीचे पाय? चालताना धाप लागते म्हणून ती चालत नाही. चालत नाही म्हणून मांड्या-पोटऱ्यांचं बळ जातं. बळ गेलेले पाय लवकर थकतात आणि तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतात. म्हणजे धाप आणखी वाढते. हा फेरा फुफ्फुसातून तोडता येत नसला, तरी पायांतून तोडता येतो.

त्यासाठी काही देशांत एक यंत्र वापरून पाहिलं गेलं. पूजेच्या चौरंगाएवढा पाट समजा. वीज सुरू केली की तो सेकंदाला वीस-पंचवीस वेळा थरथरतो. त्यावर गुडघे थोडे वाकवून उभं राहायचं. प्रत्येक हादऱ्याला तोल सांभाळायला पायांचे स्नायू आपोआप आवळतात. त्यामुळे थोड्या वेळात पायांना बराच व्यायाम होतो, आणि धाप मात्र फार वाढत नाही.

जर्मनीत सीओपीडीच्या ८२ रुग्णांवर हे करून पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले. बाकीचा व्यायाम सगळ्यांना सारखाच होता. फरक एवढाच, की अर्ध्या लोकांनी गुडघे वाकवायच्या बैठका थरथरत्या पाटावर काढल्या आणि अर्ध्यांनी साध्या जमिनीवर. तीन आठवड्यांनी, सहा मिनिटांत कोण किती चालतं ते मोजलं. पाटावरच्यांची चाल जमिनीवरच्यांपेक्षा सुमारे २७ मीटर जास्त वाढली. २७ मीटर म्हणजे पस्तीस-चाळीस पावलं. धाप लागणाऱ्या बाईला तेवढ्यात न्हाणीपर्यंत जाऊन येता येतं.

पण जमिनीवर व्यायाम करणाऱ्यांचीही चाल वाढलीच होती! यंत्रानं भर घातली, मूळ काम बैठकांनी केलं. म्हणून बाजारातलं थरथरतं मशीन कर्ज काढून घेऊ नका. गरोदर बाई, पायात रक्ताची गुठळी, पित्ताशयात किंवा मूत्रपिंडात खडे, हृदयाला पेसमेकर, नुकतंच मोडलेलं हाड किंवा झालेलं ऑपरेशन असेल, तर त्या पाटावर चढूच नये. जिथे ते यंत्र आहे तिथेही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टसमोरच वापरायचं.

आपल्या घरी खुर्ची आहे, ती पुरे. आधी डॉक्टरांना विचारा, "मी उठबशीचा व्यायाम करू का?" ते हो म्हणाले की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सुरुवातीला कुणीतरी जवळ असू द्या. नाकानं श्वास घ्या. मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडत उभं राहा. सावकाश बसा. पहिल्या दिवशी पाच वेळा झालं तरी चालेल. दम खाली बसला की पुन्हा पाच. दर आठवड्याला एक-दोन वाढवा. जोडीला अंगणात चालणं. थोडी धाप लागेल, त्याला घाबरू नका. दोन शब्द बोलता येत असतील तर ठीक आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर दिसले, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

आणखी तीन गोष्टी. डॉक्टरांनी दिलेला ओढायचा पंप व्यायाम सुरू केला म्हणून सोडायचा नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, टीबी नाही ना ते कळू द्या. आणि चुलीचा धूर कमी झाला नाही, तर एका हातानं कमावलं ते दुसऱ्या हातानं गेलं. गॅस असेल तर वापरा, नसेल तर चूल मोकळ्या हवेत मांडा.

फायदा दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि व्यायाम सोडला की तो हळूहळू जातो. एकटीनं हे टिकत नाही. म्हणून पुढच्या मीटिंगला हप्ते गोळा झाले की एक खुर्ची मधे ठेवा. मावशीला बोलवा, शेजारी एकीनं उभं राहा आणि बाकीच्यांनी आकडे मोजा. आणि घरी तिला "बसा" म्हणण्याऐवजी म्हणा, "चला मावशी, सावकाश, मी आहे सोबत."