पडद्यावरची हॅट आणि आपला खिसा

फेल्ट हॅट म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ते भगतसिंगांचे १९२९ सालचे छायाचित्र. त्यानंतर जे चेहरे आठवतात ते मात्र सिनेमातले असतात. ‘कासाब्लांका’मधला (१९४२) हम्फ्री बोगार्ट आठवतो, ‘मूनवॉकर’मधला (१९८८) पांढऱ्या हॅटचा मायकेल जॅक्सन आठवतो आणि अर्थातच १९८१ पासून हातात चाबूक घेऊन पडदाभर धावणारा इंडियाना जोन्स आठवतो. मऊ फेल्टची, मधोमध घळ पाडलेली, पुढे दोन्ही बाजूंनी चिमटा दिलेली आणि चहूबाजूंनी बेताची रुंद कड असलेली ही हॅट म्हणजे फेडोरा. हे नाव आले एका फ्रेंच नाटकावरून. व्हिक्टोरिएँ सार्दू यांच्या ‘फेदोरा’ या नाटकात १८८२ मध्ये सारा बर्नहार्ट यांनी नायिकेची भूमिका करताना अशी मऊ हॅट घातली होती. पुरुषांनी ती आपलीशी केली ती पुढे.

आज ही हॅट हवीशी वाटणारे लोक आपल्याकडेही आहेत. कुणाला भटकंतीला हवी असते, कुणाला हौशी नाट्यसंस्थेच्या गुप्तहेरासाठी, तर कुणाला निव्वळ हौस म्हणून. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. पैसे थोडे आहेत आणि वस्तू टिकायला हवी, तर बघायचे काय? माझे उत्तर असे की, हॅटचा आकार नंतर बदलता येतो, तिचे फेल्ट बदलता येत नाही. म्हणून पैसे घालायचे ते फेल्टवर आणि आतल्या पट्टीवर. सिनेमाच्या नावावर नाही.

हे पटण्यासाठी मूळ हॅटचीच हकीगत पाहू. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या पहिल्या चित्रपटाच्या वेशभूषाकार होत्या डेबोरा नडूलमन. त्यांनी इंडियाना जोन्ससाठी जगावेगळी टोपी शून्यातून घडवली नाही. लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या जुन्या दुकानात ‘पोएट’ नावाची एक उंच डोक्याची, रुंद कडेची हॅट होती. तीच त्यांनी घेतली आणि हॅरिसन फोर्ड यांच्या चेहऱ्याला शोभेल अशी बदलून घेतली. मग ती नवी कोरी दिसू नये म्हणून चुरगाळून, मळवून जुनी केली. म्हणजे आधी चांगल्या फेल्टची तयार हॅट आणि नंतर तिला दिलेला घाट. आपल्यालाही याच क्रमाने जायचे आहे.

दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. पडद्यावर ही हॅट पाण्यात भिजते, धुळीत लोळते, मिटत आलेल्या दगडी दाराखालून शेवटच्या क्षणी ओढून काढली जाते आणि तरीही शाबूत असते. पण चित्रीकरणाला एकच हॅट नसते. एकासारख्या एक अशा अनेक असतात आणि त्यांना वाफ देऊन पुन्हा ताठ करणारी माणसे हाताशी असतात. अमरीश पुरी यांनी ज्यात मोलाराम रंगवला, त्या ‘टेंपल ऑफ डूम’मधली (१९८४) एक हॅट २०२४ मध्ये लिलावात ६ लाख ३० हजार डॉलरला विकली गेली. ती किंमत आठवणींची झाली. आपल्याला हवी आहे वापरायची वस्तू आणि तीही एकच.

आता फेल्ट म्हणजे काय ते पाहू. फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. घरातला लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला, चोळला, की तो आटून जाड आणि घट्ट होतो, हे आपल्याकडे अनेक घरांत घडलेले असते. तो अपघात मुद्दाम आणि हिशेबाने घडवला की फेल्ट तयार होते. प्राण्यांच्या केसांवर अतिसूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा, दाब आणि सततची हालचाल मिळाली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि धागा-विणीशिवाय केसांचा एकजीव थर बनतो. आधी भलामोठा सैल शंकू करतात, तो आटवत आटवत लहान व दाट करतात आणि मग लाकडी साच्यावर वाफेने ताणून हॅटचा आकार देतात. ताठपणासाठी पारंपरिक पद्धतीत लाख वापरतात. होय, आपल्याकडे झाडांवर किड्यांपासून मिळते तीच लाख. पूर्वी केस लवकर गुंतावेत म्हणून पाऱ्याचा क्षार लावत. त्या वाफांनी कारागिरांचे हात थरथरत, डोक्यावर परिणाम होई. अमेरिकेत हा प्रकार १९४१ मध्ये थांबला.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे फेल्ट मिळते. सर्वांत स्वस्त ते मेंढीच्या लोकरीचे. मधले सशाच्या मऊ केसांचे. सर्वांत महाग बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचे. लोकरीचे फेल्ट जाड असते आणि फारसे दाट नसते. पावसात पूर्ण भिजले की ते वाकते आणि वाळताना आटते. काही दिवसांनी घुमट वर निमुळता होतो आणि कड लाटांसारखी होते. सशाचे फेल्ट पातळ आणि हलके असूनही जास्त दाट असते. ते सर सोसते, आकार धरून ठेवते आणि बिघडला तर वाफेने पुन्हा घेते. बीव्हरचे त्याहून सरस, पण थोड्या पैशांत त्याचा विचार नको. हॅटच्या आत ‘५ एक्स’, ‘१० एक्स’ असे शिक्के दिसले तर भुलू नका. सर्व उत्पादकांना लागू होईल असे त्याचे एकच प्रमाण नाही. एकाचा ५ दुसऱ्याच्या १० पेक्षा चांगला असू शकतो.

तेव्हा बेताच्या खर्चात टिकाऊ हवी तर नजर सशाच्या फेल्टवर ठेवावी. ऑस्ट्रेलियातील अकुब्रा ही जुनी कंपनी सशाचेच फेल्ट वापरते आणि तिची ‘फेडरेशन’ ही हॅट इंडियाना जोन्सच्या चाहत्यांत याच कारणाने माहीत आहे. याउलट चित्रपटाचे नाव छापलेल्या स्वस्त हॅट बहुधा लोकरीच्या असतात. दोन-चार प्रयोगांच्या नाटकाला ती पुरते. वर्षानुवर्षे वापरायला पुरत नाही. हिशेब साधा आहे. समजा, दीड हजारांची हॅट दोन पावसाळ्यांत गेली आणि सहा हजारांची बारा वर्षे टिकली, तर स्वस्त हॅट वर्षाला साडेसातशे रुपयांना पडली आणि महाग हॅट पाचशेला.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मेंढीची लोकर कातरून मिळते, तशी सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांची गोष्ट नाही. तिथे प्राणी मारलेला असतो. हे ज्यांना चालत नाही त्यांनी दुकानदाराच्या गोड बोलण्याला बळी न पडता लोकरीचीच हॅट घ्यावी आणि ती पावसापासून जपावी, किंवा त्याच आकाराची जाड सुती कापडाची घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुकानात गेल्यावर काय तपासायचे? पहिल्यांदा आतली चिठ्ठी वाचा. नुसते ‘फेल्ट’ लिहिले असेल तर कशाचे, ते विचारा. कृत्रिम धाग्याचेही फेल्ट असते. मग कड बोटांत धरून हलकेच खाली वाकवा आणि सोडा. चांगले फेल्ट लवचीकपणे जागेवर येते. पुठ्ठ्यासारखे कडक लागले तर ताठपणा फेल्टचा नसून वरून लावलेल्या द्रव्याचा आहे, असे समजा. पांढरा रुमाल घासून पाहा, रंग लागतो का ते कळेल. शेवटी हॅट उलटी करून आतली पट्टी बाहेर वळवा. घाम, तेल आणि डोक्याचा भार ती पट्टी सोसते, म्हणून ती चामड्याची आणि शिवलेली असावी. नुसती चिकटवलेली पट्टी आपल्याकडच्या घामात फार दिवस तग धरत नाही. रेशमी अस्तर, पीस, पितळी बिल्ला यांवर एक पैसाही जास्त देऊ नका. बाहेरची फीत तर घरीसुद्धा बदलता येते.

आकाराबाबत एक नियम लक्षात ठेवला तर फसगत होत नाही. कड कापून कमी करता येते, वाढवता येत नाही. घुमटाला घळ पाडून तो बुटका करता येतो, मुळात बुटका असलेला उंच करता येत नाही. म्हणून सिनेमातला घाट हवा असेल तर उंच घुमटाची, सरळ बाजूंची आणि अडीच-पावणेतीन इंच कडेची हॅट निवडा. तिची घळ वेगळी असली तरी हरकत नाही. किटलीच्या वाफेवर, बोटे भाजणार नाहीत इतक्या अंतरावर, फेल्ट थोडे मऊ होईपर्यंत धरायचे, हाताने घळ व चिमटा द्यायचा आणि गार होईपर्यंत तसेच ठेवायचे. दोन-तीन बैठकींत हवा तो घाट येतो. घाई करून फेल्ट ओलेचिंब करू नये.

मापाचा घोटाळा पुष्कळांचा होतो. शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून डोक्याभोवती फिरवा आणि सेंटिमीटरमध्ये माप लिहून ठेवा. इंग्रजी आकड्यांवर विसंबू नका, कारण अमेरिकन आणि ब्रिटिश मापांत एक अष्टमांशाचा फरक असतो. ५८ सेंटिमीटरचे डोके अमेरिकेत सव्वासात नंबरचे, तर ब्रिटनमध्ये सात पूर्णांक एक अष्टमांश नंबरचे. दोन मापांच्या मधे असाल तर मोठे घ्या. आतल्या पट्टीमागे कागदाची किंवा फोमची पातळ घडी सरकवली की हॅट नीट बसते. घट्ट हॅट मात्र कपाळ दुखवते आणि पट्टीची शिवणही उसवते.

सर्वांत कमी पैशांत उत्तम फेल्ट मिळण्याची जागा म्हणजे जुना माल. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून सशाच्या फेल्टची हॅट नव्या लोकरी हॅटच्या भावात सापडू शकते. घेताना हॅट उजेडासमोर धरावी. टाचणीएवढी छिद्रे दिसली तर कसर लागलेली आहे, तिथेच ठेवून द्यावी. आतले चामडे वाळून तडकले असेल तर पट्टी बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. मळ, सुरकुत्या आणि वाकडी कड यांना घाबरू नये. त्या ब्रशने आणि वाफेने जातात.

घेतलेली हॅट टिकणार की नाही, हे पुढे आपल्या हातात असते. हॅट काढताना पुढच्या चिमट्याला धरण्याची सिनेमातली ढब फेल्टच्या मुळावर येते. रोज बोटे पडून नेमकी तीच जागा विरते. कडेला धरावे. टेबलावर ठेवताना उलटी, घुमटावर ठेवावी, म्हणजे कड दबत नाही. उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये, आतले चामडे आटते आणि हॅट लहान होते. भिजली तर आतली पट्टी बाहेर वळवून सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावी. इस्त्री, हीटर किंवा गॅसची शेगडी तिच्याजवळ नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर ती कपाटात कोंडली तर बुरशी धरणार. आठवड्यातून एकदा बाहेर काढून मऊ ब्रशने झटकावी आणि ठेवताना शेजारी डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत.

आणि ही हॅट वापरायची कधी? विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यातील दुपारी फेल्ट डोक्यावर घेणे म्हणजे स्वतःला शिक्षा. त्या दिवसांसाठी याच घाटाची गवती हॅट घ्यावी. पनामा म्हणतात त्या हॅट मुळात इक्वेडोर देशात विणल्या जातात. साध्या गवताच्या हॅट त्याहून कितीतरी स्वस्त असतात आणि वारा खेळू देतात. फेल्टची हॅट थंडीसाठी, सह्याद्रीतल्या पहाटेसाठी, प्रवासासाठी आणि रंगमंचासाठी.

दुकानाच्या आरशात डोक्यावरची हॅट सगळ्यांनाच थोडीफार नायकासारखी दिसते. निर्णय मात्र तिथे घेऊ नये. ती काढावी, उलटी करावी, पट्टी बाहेर वळवून शिवण पाहावी, कड वाकवून पाहावी. मग पाकीट काढावे.