फुकटाचे मोल

बडोद्याच्या फतेगंज भागात महाराजा सयाजीराव विद्यापीठामुळे विद्यार्थ्यांची सदैव वर्दळ असते. एखाद्या विद्यार्थ्याला हवे ते सॉफ्टवेअर फुकट मिळाले, तर त्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्यासोबत पुष्कळदा एक बिनबोलावलेला पाहुणाही येतो. तो म्हणजे ब्राउझरला चिकटणारे जाहिरातींचे एक्स्टेन्शन होय. प्रत्येक संगणकात ते शिरले की, फुकट देणाऱ्याच्या पदरात मोबदला पडतो. 'पुढे' हे बटण घाईने दाबणारा मनुष्य, आधीच खूण केलेल्या चौकटीतून, त्याला नकळत संमती देऊन बसतो. मग शोधाचे पान बदलते, जाहिरातींचा भडिमार होतो. सर्व पाने वाचण्याची परवानगी मिळाली असल्यास पासवर्डही सुरक्षित राहत नाही.

जून २०१७ मध्ये 'चेक पॉइंट' या कंपनीने 'फायरबॉल' नामक असाच उपद्रव उघडकीस आणला. तिच्या अंदाजाने जगातील २५ कोटी संगणक बाधित होते. पैकी अडीच कोटींहून अधिक भारतातील. मायक्रोसॉफ्टने हे आकडे अतिशयोक्त ठरविले, उपद्रव मात्र नाकारला नाही.

म्हणून सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याकडूनच घ्यावे, प्रत्येक चौकट वाचून नको ती खूण पुसावी आणि अनोळखी एक्स्टेन्शन तत्काळ काढून टाकावे.